रहस्यकथाकाराने वाट बदलली तेव्हा

गेल्या वर्षी अनगोळातील आमच्या देवळाच्या ओवरीची डागडुजी निघाली, आणि त्या निमित्ताने तेथील वाचनालयाची दोन जुनी लाकडी कपाटे जागची हलविण्यात आली. कपाटामागे भिंतीशी दडपून गेलेली एक नोंदवही सापडली. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. परंतु आतील अक्षर शाबूत होते. १९८३ सालच्या नोंदी चाळीत असता एका ओळीवर माझी दृष्टी थबकली. पुस्तकाचे नाव ‘दुनियादारी’, लेखक सुहास शिरवळकर. त्यापुढे वर्गाच्या रकान्यात प्रथम ‘र’ असे लिहून ते खोडले होते. त्यावर ‘सा’ असे लिहून तेही खोडले होते. आणि अखेर पुनः ‘र’ लिहिला होता. तीन हात, तीन शाया. ‘र’ म्हणजे रहस्यकथा आणि ‘सा’ म्हणजे सामाजिक, हे सांगावयास नकोच. मधला ‘सा’ माझ्या हातचा आहे.

एका अक्षरावरून त्या वर्षी आमच्या ओवरीत जो वाद माजला, त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते. वाद लहानच होता. पण लोकप्रिय रहस्यकथाकाराने आपली रुळलेली वाट सोडून दुसऱ्या प्रकारचे काही लिहिले की वाचकांत दोन तट का पडतात, हा प्रश्न लहान नाही. आणि मराठी कादंबरीच्या इतिहासात त्याची पाळेमुळे बरीच खोल गेलेली आहेत.

त्या काळचे अनगोळ आजच्यासारखे शहरात मिसळून गेलेले नव्हते. तिलकवाडीकडून रेल्वेचे फाटक ओलांडले की भाताची खाचरे लागत. उद्यमबागेतील ओतशाळांमधून पाळी संपवून येणारी पोरे सायंकाळी सायकली देवळाच्या भिंतीला टेकवीत, चपला बाहेर काढीत आणि दर्शनापूर्वी ओवरीत डोकावत. शेतकऱ्यांची मुले येत, शिक्षक येत. आमच्यासारख्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या सारस्वत घरांतील बायका पुराण संपले की पदर सावरीत कपाटापाशी येत. बेळगाव शहरात १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय होते. पण अनगोळच्या माणसाने दिवसभराच्या कामानंतर तेथवर जावे कधी? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर मराठी पुस्तक ही आमच्याकडे आपसूक येणारी वस्तू उरली नाही. पुण्याहून निघालेले गाठोडे मिरजेस मीटरगेज गाडीत चढावयाचे आणि मग आमच्यापर्यंत पोहोचावयाचे. सरकारी कागद एका भाषेत, बाजार दोन भाषांत, आणि मनातले वाचन मराठीत, अशी ती स्थिती. म्हणून त्या दोन कपाटांत काय ठेवावे आणि काय ठेवू नये ह्याविषयी लोक हळवे होते. ह्या हळवेपणाला हसू नये.

आता रहस्यकथेकडे वळू. तिला आपल्या समीक्षकांनी ओसरीवरच बसविले, माजघरात कधी घेतले नाही. तरीही वाचकाला वाचनाची गोडी तिनेच लावली, हे कोणत्याही ग्रंथपालाला विचारावे. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, ह्यांच्या झुंजार आणि काळा पहाड ह्या नायकांनी दोन पिढ्यांना रात्री जागविले. गिनीज बुकाने त्यांच्या नावावर १,०९२ छोटी रहस्यपुस्तके नोंदविली आणि त्यांचा काळ १९३६ ते १९८४ असा दिला. त्याच नोंदीत त्यांच्या काही कथेतर पुस्तकांचाही ओझरता उल्लेख आहे. मी अर्नाळकरांच्या कट्टर भक्तांना, त्यांतील काही तर झुंजारच्या कथा क्रमवार सांगणारे, आजवर अनेकदा विचारले की त्या दुसऱ्या पुस्तकांपैकी एकाचे तरी नाव सांगा. एकालाही सांगता आले नाही. एक हजारावर पुस्तके ज्याची लोकांनी हातोहात उचलली, त्याचीच उरलेली पुस्तके कोणाच्या गावीही नसावीत! त्यांना विरोध झाला नाही, त्यांच्यावर टीका झाली नाही; वाचकाने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. लेखकाच्या दृष्टीने ह्याहून कठोर शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

अर्नाळकरांच्याही आधी नाथमाधवांनी हा अनुभव घेतला होता. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे १८८२ साली जन्मले आणि १९२८ साली निवर्तले. ऐन तारुण्यात शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे शरीर कमरेखाली अधू झाले, आणि पुढचे सारे लेखन त्यांनी अंथरुणावरून केले. १९१३ साली ‘वीरधवल’ आली. भुयारे, वेषांतरे, अद्भुत संकटे आणि त्यातून सुटका अशा रेनॉल्ड्सच्या वळणाच्या त्या कथानकाने मराठी वाचकाला वेड लावले. ह्या यशावर ते जन्मभर सुखाने राहू शकले असते. परंतु त्यांनी ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरी तीन भागांत लिहिली, आणि पुढे शिवकालाकडे वळून स्वराज्याच्या स्थापनेवरील कादंबऱ्यांची मालिकाच उभी केली.

ह्या तीन वाटांपैकी वाचकांनी दोन स्वीकारल्या आणि एक सोडून दिली. आमच्या ओवरीतील ‘वीरधवल’ची प्रत तीनदा बांधून घ्यावी लागली होती. स्वराज्यमालेतील पुस्तके तर श्रावणात मिळत नसत, इतकी त्यांना मागणी. ‘डॉक्टर’चे भाग मात्र कोरे करकरीत राहिले; दुसऱ्या भागाची काही पाने कापलेलीसुद्धा नव्हती. ह्याचे कारण काय असावे? ‘वीरधवल’चा वाचक शिवकालात सहज गेला, कारण तेथेही घोडदौड होती, किल्ला होता, शत्रूच्या गोटात शिरणारा हेर होता. नाव बदलले तरी घर ओळखीचे राहिले. सामाजिक कादंबरीत त्याच लेखकाने त्याला स्वतःच्याच माजघरात आणून बसविले आणि तेथली अडगळ दाखविली. वाचकाला ते नको होते. लेखकाने वाट बदलली ह्याचा राग वाचकाला फारसा येत नाही. त्या नव्या वाटेवर आपण स्वतः भेटलो, तर तो चिडतो.

साता समुद्रापलीकडचे उदाहरण सर्वश्रुत आहे, तरी त्यातील एक बारकावा येथे उपयोगी पडेल. आर्थर कॉनन डॉयल ह्यांना शेरलॉक होम्सने कीर्ती आणि पैसा दोन्ही दिले. पण त्यांचा जीव होता ऐतिहासिक कादंबरीत. १८९१ सालीच त्यांनी आईला कळविले की होम्सला संपवून टाकावे असा माझा विचार आहे. आईने कळवळून नको म्हटले. दोन वर्षांनी, १८९३ च्या डिसेंबरात, ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी होम्सला धबधब्यात लोटलेच. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. लंडनच्या तरुणांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या असेही सांगतात, पण ह्या फितींचा त्या वेळचा पुरावा कोणी पुढे केलेला नाही. पुढे १९०१ मध्ये होम्सची एक जुनी हकीकत म्हणून मोठी कादंबरी आली आणि १९०३ मध्ये तो साक्षात परतला. डॉयल स्वतः ‘व्हाइट कंपनी’ ह्या आपल्या ऐतिहासिक कादंबरीला होम्सकथांहून श्रेष्ठ मानीत. जगाने त्यांचे हे मत अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि होम्सच वाचला.

बंगाल्यात मात्र निराळे घडले, आणि त्याचा अर्धा भाग आपल्या पुण्यात घडला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षी हा सत्यान्वेषी निर्माण केला, काही वर्षे त्याच्या कथा लिहिल्या, आणि मग मुंबईस चित्रपटांसाठी लिहावयास आल्यावर सुमारे पंधरा वर्षे त्याला बाजूस ठेवले. वाचकांच्या ओढीने १९५१ मध्ये त्याला परत आणले. १९५२ पासून ते पुण्यास राहिले. १९७० मध्ये त्यांचा अंत झाला. ब्योमकेशच्या नव्या कथा त्यांनी ह्या मुक्कामात लिहिल्या, आणि ह्याच मुक्कामात, १९६५ साली, विजयनगरच्या काळावरील ‘तुंगभद्रार तीरे’ ही ऐतिहासिक कादंबरीही लिहिली. तिला १९६७ साली रवींद्र पुरस्कार मिळाला. हेराच्या कथा लिहिणाऱ्या हाताने तुंगभद्रेचे पाणी ओंजळीत घ्यावे, ह्यात बंगाली वाचकाला विपरीत असे काही वाटले नाही.

आपल्याला ते का वाटते? माझ्या मते ह्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. बंगालीत पूजेच्या विशेषांकात कविता, गंभीर कादंबरी आणि हेरकथा एकाच पुठ्ठ्याच्या आत नांदतात; आजोबा आणि नातू तोच अंक ओढून घेतात. आपल्याकडे रहस्यकथेचे मासिक वेगळे, दुकान वेगळे, वाचनालयातील फळी वेगळी. अनंत अंतरकरांच्या एकाच घरातून ‘हंस’ आणि ‘नवल’ निघत. परंतु तेथेही दोघांची चूल निराळी. मुखपृष्ठ पाहूनच मनुष्य ठरवितो की हे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावयाचे की उघडे. अशा व्यवस्थेत लेखकाचे नाव हे नाव राहत नाही, ती फळीवरची चिठ्ठी होते.

सुहास शिरवळकर ह्या चिठ्ठीचे धनी होते. १९४८ साली जन्मलेल्या ह्या पुण्याच्या लेखकाने सत्तरीच्या दशकात एकामागून एक पुस्तके लिहून अर्नाळकरांनंतरच्या तरुण पिढीला आपलेसे केले. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास ही नावे आमच्याकडील ओतशाळेतील पोरांना आपल्या मेहुण्यांच्या नावांपेक्षा अधिक तोंडपाठ होती. शिरवळकरांचे वाक्य तुटक, संवाद चुरचुरीत, आणि भाषा रस्त्यावरची. पुण्याची खरी बोली ऐकण्याची अनगोळच्या मुलांना ही एकच सोय होती. त्यांतले कोणी कोणी पुढे पुण्यास नोकरीला गेले, तेव्हा लक्ष्मी रोड त्यांना अनोळखी वाटला नाही, असे त्यांनीच मला सांगितले.

आणि १९८२ साली आली ‘दुनियादारी’. ह्यात खून नाही, हेर नाही, न्यायालयातील उलटतपासणी नाही. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या कट्ट्यावर बसणारी पोरे, त्यांच्यात बाहेरून येऊन मिसळलेला श्रेयस तळवलकर, मित्रांसाठी जीव टाकणारा दिग्या, आणि बारमध्ये बसून तिरकस, दुखरे असे काही बोलणारा प्रौढ एम. के. श्रोत्री. मैत्री, प्रेम, फसगत, घरातील दुरावे. रहस्यकथा लिहिणे शिरवळकरांनी त्यानंतर सोडले असे नव्हे. दोन्ही वाटा त्यांनी चालविल्या. पण ह्या एका पुस्तकाने त्यांचे वाचक दुभंगले. दुसरीकडे ते कसे दुभंगले हे मी पाहिलेले नाही. आमच्या ओवरीत मात्र मी डोळ्यांनी पाहिले, कारण त्या काळी सायंकाळी दोन तास पुस्तके देण्याघेण्याचे काम माझ्याकडे असे.

वाचनालयाचे चिटणीस एक निवृत्त शिक्षक होते. सारे त्यांना तात्या म्हणत. गाठोड्यातून पुस्तक निघाले, लेखकाचे नाव पाहिले, आणि आतले एक पानही न उलटता तात्यांनी वहीत ‘र’ लिहिला. त्यात त्यांची चूक नव्हती. पुस्तक खालच्या फळीवर गेले. पहिल्याच दिवशी एका ओतकाम करणाऱ्या तरुणाने ते झडप घालून नेले आणि चौथ्या दिवशी माझ्यापुढे आदळले.

“ह्यात खून कुठं हाय गा?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “सगळ्याच पुस्तकात खून पाहिजे काय?”

“त्यांच्यात पाहिजे.” त्याचे उत्तर तयार होते. “मी काय कुणाचंबी पुस्तक नेतो काय? नाव बघून नेतो.”

त्याच्या म्हणण्यात वकिली नव्हती, पण न्याय होता. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा तो मुलगा आठवड्याला एक पुस्तक वाचीत होता, तेवढाच त्याचा विसावा. ज्या नावावर विश्वासून त्याने आठवडा खर्ची घातला, त्या नावाने त्याला दिले काय, तर परीक्षेत नापास होणाऱ्या आणि बापाच्या पैशावर चहा पिणाऱ्या पोरांची दुःखे! तो महाविद्यालयाची पायरी कधी चढला नव्हता. पुढे पुढे मला वाटू लागले की त्याचा राग खुनाच्या अभावाबद्दल नव्हताच. दारा बुलंद हा अनगोळच्या पोराचाही होता आणि पुण्याच्या पोराचाही. कट्टा मात्र पुण्याच्या पोराचाच होता.

उलट दोन महाविद्यालयीन मुले ते पुस्तक परत द्यावयास तयार नव्हती. त्यांनी ते एकमेकांच्या नावावर आलटून पालटून नेले. परत आले तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानावर दोन शेरे होते. एकाने लिहिले होते, ‘वेळ फुकट’. त्याखाली दुसऱ्याने लिहिले होते, ‘ज्याचा वेळ फुकट गेला त्याला मित्र नसावेत’. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये असा फलक समोरच होता. पण मी ते खोडले नाही.

मी पुस्तक वाचले आणि मला ते आवडले. कोठे कोठे लेखकाची जुनी सवय जात नाही, प्रसंगाला नको तेवढी फोडणी पडते, हे तेव्हाही जाणवले होते आणि आज अधिक जाणवते. परंतु ह्या माणसाला पोरांचे बोलणे ऐकू येत होते, आणि त्यामागे ती काय लपवितात हेही ऐकू येत होते. लपविलेले हुडकण्याचा सराव त्याला रहस्यकथेनेच दिला होता. तेव्हा हे पुस्तक खालच्या फळीवर कुजविणे मला अन्यायाचे वाटले. ज्यांना ते रुचले असते ते वाचक, म्हणजे शिक्षक आणि घरांतील बायका, त्या फळीकडे वाकतही नसत. एके सायंकाळी मी ‘र’ खोडला, ‘सा’ लिहिले, आणि पुस्तक वरच्या फळीवर खांडेकर, फडके ह्यांच्या शेजारी नेऊन ठेवले.

तेथेच घोटाळा झाला. खालच्या फळीवर ते वर्षभर पडले असते तर कोणी हूं की चूं केले नसते. कारण खाली काय असते हे सर्वांनी गृहीत धरलेलेच होते. खून, दरोडे, चाकू, पिस्तुले ह्यांना देवळाच्या ओवरीत वर्षानुवर्षे मुभा होती. वरच्या फळीवर गेल्याबरोबर त्याची झडती सुरू झाली. देवस्थान समितीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते आपल्या सुनेच्या हातात पाहिले, चाळले, आणि पुढच्या बैठकीत मांडले. दारूच्या गुत्त्यातील गप्पा, पोरांच्या तोंडी शिव्या, मुलामुलींचे हिंडणे. देवाच्या दारात हे कशाला?

मी म्हणालो, “आबा, खाली शंभर पुस्तकांत माणसे मारतात, त्यांचे काय?”

आबा म्हणाले, “बाळ, ती माणसे खोटी आहेत हे पोरांनाही कळते. ही खरी वाटतात.”

लेखकाची इतकी नेमकी प्रशंसा मी कोणत्याही परीक्षणात वाचलेली नाही. आबांना मात्र ती तक्रार म्हणूनच करावयाची होती. आणि तक्रार म्हणूनही तिच्यात वजन होते, हे मी त्या वेळी मान्य केले नाही. तारुण्यात मनुष्य वादात जिंकावयास पाहतो, ऐकावयास नाही. आबा दर एकादशीला कीर्तनास पुढे बसत. एरवी विनोदी दृष्टान्त देऊन हसविणारा बुवा एखाद्या दिवशी उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लावून साऱ्यांना रडवी, तेव्हा त्याने वाट बदलली असे आबांना कधी वाटले नव्हते. हा दाखला मी त्यांना दिला. त्यांनी शांतपणे सांगितले की कीर्तन कोठेही गेले तरी शेवटी आरतीपाशी येते, हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते. तुझा हा लेखक कोठे नेणार आहे ते तुला तरी ठाऊक आहे काय? मला उत्तर सुचले नाही. ओतशाळेतल्या मुलाचे आणि आबांचे एकमेकांशी कशातही जमले नसते. पण ह्या एका मुद्द्यावर दोघे एकच बोलत होते. दोघांनाही पुढे काय येणार ह्याची हमी हवी होती. रहस्यकथेत शेवटचे गूढ तेवढे वाचकापासून राखलेले असते, बाकी सारे त्याला पहिल्या पानावरच कबूल केलेले असते. खुनी सापडेल, नायक वाचेल. ‘दुनियादारी’ने असे कोणतेच वचन दिले नव्हते.

बैठकीत दोन तास गेले. पुस्तक काढून टाकावे असे तिघांचे मत पडले. तात्यांनी ते होऊ दिले नाही. ते शिरवळकरांचे वाचक नव्हते. ज्ञानेश्वरी आणि राजवाडे ह्यांपलीकडे त्यांचा जीव रमत नसे. त्यांनी मांडलेला मुद्दा साहित्याचा नव्हताच. आपल्या शाळांतून मराठीची तुकडी दर वर्षी आकसते आहे, ते म्हणाले. जी पोरे आज ह्या ओवरीत चढतात ती ह्या माणसाच्या नावावर चढतात. आज त्याचे एक पुस्तक बाहेर फेकले तर उद्या ती पोरे फाटकातूनच परत जातील, आणि मग वरच्या फळीवर कितीही थोर पुस्तके ठेवा, त्यांना हात लावावयास कोणी उरणार नाही. बेळगावातील १९४६ च्या साहित्य संमेलनात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा तात्या तरुण स्वयंसेवक म्हणून मांडवात होते. ठरावाने काय होते आणि काय होत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळत होते.

तडजोड निघाली ती अशी. पुस्तक राहील, पण वर नाही, खाली राहील. आबांनी स्वतः माझ्या हातून वही घेतली, ‘सा’ खोडला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात ‘र’ लिहिला. मला तो पराभव वाटला, आणि पुढचे कित्येक महिने मी आबांशी कामापुरतेच बोललो.

आज उलट बाजूने पाहिले की काही गोष्टी निराळ्या दिसतात. शिरवळकर ११ जुलै २००३ रोजी, पंचावन्न वर्षेही पुरी न होता, गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९ जुलै २०१३ रोजी, संजय जाधव ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘दुनियादारी’ चित्रपट आला आणि तुफान चालला. आता गंमत पाहा. ज्या पुस्तकाला एके काळी ‘हे ह्याचे नव्हे’ म्हणून वाचक नाके मुरडीत, त्याच पुस्तकाचे जुने वाचक आता चित्रपट पाहून म्हणू लागले की हे पुस्तकासारखे नव्हे. शेवट बदलला, माणसे बदलली. आमच्या ओवरीतही ही तक्रार घेऊन एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ आले होते. तावातावाने बोलत होते. भट्टीच्या आचेने रापलेला चेहरा मी ओळखला; त्यांनी मला ओळखले किंवा नाही ते ठाऊक नाही, आणि मी आठवण दिली नाही. त्यांनी पुस्तक केव्हा नि कोठे पुनः वाचले, हेही मी विचारले नाही.

समीक्षकांनी शिरवळकरांना अद्यापि वरच्या फळीवर जागा दिली आहे असे दिसत नाही. त्यांची रहस्यकथा आणि त्यांची सामाजिक कादंबरी ह्या दोन वेगळ्या माणसांच्या कृती आहेत अशा थाटात लिहिले जाते, जेव्हा काही लिहिले जाते तेव्हा. मला हे पटत नाही. नाथमाधवांच्या सामाजिक कादंबरीकडे पाठ फिरविणारा वाचक आणि त्यांच्या स्वराज्यमालेला डोक्यावर घेणारा वाचक एकच होता; तसाच रहस्य रचणारा शिरवळकर आणि कट्टा रंगविणारा शिरवळकर हाही एकच होता. फळ्या आपण केल्या, आणि मग फळी ओलांडल्याचा दोष त्यांना दिला.

नोंदवहीकडे परत येतो. ‘दुनियादारी’च्या नावाखाली नेणाऱ्यांचे सभासद-क्रमांक आहेत, ते पानभर आहेत, आणि जागा संपल्यावर वहीच्या मागील पानावर पुढे चालू केले आहेत. इतकी लांब यादी ‘वीरधवल’चीही नाही. त्या क्रमांकांत एक क्रमांक चारदा आला आहे. तो माझ्या आत्याचा.

ही आत्या आमच्याच घरी राहत असे, आणि शिरवळकरांच्या रहस्यकथांची निस्सीम वाचक होती. दुपारची झाकपाक झाली की माळ्याखालच्या खिडकीशी बसून अमर विश्वासच्या उलटतपासण्या वाची. त्या वर्षी हे पुस्तक मीच तिला आणून दिले होते. दोन दिवसांनी तिने ते माझ्या हाती ठेवले आणि मान हलविली.

“हें ताणें बरयल्लें न्हय,” ती म्हणाली. हे त्याने लिहिलेले नव्हे.

मी ती गोष्ट आबांच्या बाजूचे आणखी एक मत म्हणून मनात नोंदविली आणि पुनः तिला विचारले नाही. तिच्या क्रमांकापुढील तारखा मात्र आता माझ्यापुढे आहेत. पहिली मी नेले ती. उरलेल्या तीन त्यानंतरच्या दोन वर्षांतील आहेत, आणि तिन्ही दिवशी पुस्तक देणाऱ्याच्या जागी सही तात्यांची आहे. माझी पाळी नसलेला दिवस पाहून ती जात असावी.